चौकटची राणी आणि समभुज चौकोन

नेरूळला मी आठवी ते दहावीच्या मुलांचे गणिताचे वर्ग घेते. एका बाकावर एक मूल मराठी माध्यमाचं, शेजारचं सेमी-इंग्रजीचं आणि पलीकडचं सीबीएसईचं, असं नवी मुंबईत सहज घडतं. त्यामुळे फळ्यावरच्या एकाच आकृतीला तीन नावांनी हाक येते: समभुज चौकोन, रॉम्बस आणि डायमंड. पहिली दोन नावं एकाच आकृतीची. तिसरं वेगळंच काही सांगतं. ते मुलांना लवकर पटतं, पालकांना जरा उशिरा. शिकवता शिकवता आणि नवी मुंबईत हिंडता फिरता जे हाती लागलं, ते आकडे घालून मांडते आहे. क्रमात महत्त्वाचं-बिनमहत्त्वाचं असं काही नाही.

१. आकृती फिरवा आणि मग नाव विचारा.

पुठ्ठ्याचा एक चौरस कापायचा आणि एका बाजूवर बसेल असा फळ्याला टेकवायचा. सगळा वर्ग एका सुरात सांगतो, चौरस. तोच पुठ्ठा ४५ अंशांत फिरवून टोकावर उभा केला की अर्धा वर्ग म्हणतो, डायमंड. बाजू त्याच, कोन तेच, क्षेत्रफळ तेच. आता दुसरा पुठ्ठा घ्यायचा: चारही बाजू सारख्या, कोन ७० आणि ११० अंशांचे, आणि तो एका बाजूवर आडवा ठेवायचा. त्याला डायमंड म्हणणारं मूल मला अजून भेटायचं आहे. ‘तिरका चौकोन’, ‘समांतरभुज’, ‘चौरस, पण वाकलेला’ अशी उत्तरं येतात. खरं तर अस्सल समभुज चौकोन तोच.

समभुज चौकोन हे नाव बाजूंविषयी एक दावा करतं, आणि तो दावा पट्टी लावून तपासता येतो. डायमंड हे नाव आकृती कशी उभी आहे ते सांगतं: एक टोक वर, एक खाली, दोन बाजूंना. भूमितीला आकृती कुठे तोंड करून उभी आहे याच्याशी कर्तव्य नसतं. बाजारात, मैदानावर आणि रस्त्यावर मात्र नेमकं त्याच्याशीच कर्तव्य असतं. बालभारतीच्या आठवीच्या पुस्तकात चौकोनांच्या प्रकरणात समभुज चौकोन आहे, समलंब आहे, पतंगही आहे; डायमंड नावाचा प्रकार नाही. ते नाव ठेवणीचं आहे, आणि ठेवण हा काही चौकोनाचा प्रकार नव्हे.

२. फरशी बसवणाऱ्याला हे आधीपासून माहीत असतं.

सिडकोच्या जुन्या घरांमध्ये फरशी बदलण्याचं काम कुठे ना कुठे चालूच असतं. आमच्याकडे निघालं तेव्हा मिस्त्रीने पहिला प्रश्न विचारला, “ताई, सरळ लावायची की डायमंडमध्ये?” फरशी दोन्हीकडे तीच, ६० सेंटिमीटरची चौरस. डायमंडमध्ये म्हणजे भिंतीशी ४५ अंश करून. तसं लावलं की भिंतीलगतची प्रत्येक फरशी त्रिकोणात कापावी लागते, तुकडे वाया जातात आणि मजुरीही वाढते. एका शब्दाने खर्च बदलतो, फरशीचा आकार मात्र बदलत नाही. ‘डायमंड ही ठेवण आहे’ हे वाक्य मी वर्गात कितीदा तरी घासून पुसून सांगते. मिस्त्री ते दरपत्रकातच सांगून मोकळा होतो.

तीच गोष्ट सॉफ्टबॉलची. महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये हा खेळ बराच खेळला जातो, आणि मैदानाच्या आतल्या भागाला डायमंड म्हणतात. प्रत्यक्षात तो चौरस असतो, प्रत्येक बाजू ६० फुटांची. बॅट घेतलेला खेळाडू एका कोपऱ्यात उभा राहून समोर पाहतो, म्हणून त्याला तो टोकावर उभा दिसतो. चौरस असल्यामुळे त्याच्यापासून समोरच्या बेसपर्यंतचा कर्ण ६० गुणिले २ चं वर्गमूळ, म्हणजे जवळजवळ ८४.८५ फूट. आमच्या फरशीचा कर्ण ८४.८५ सेंटिमीटर. मुलांना अशा योगायोगांची फार मजा वाटते, आणि पायथागोरस त्या नादात डोक्यात बसून जातो.

३. ठाणे-बेलापूर रस्त्यावर उभं राहून टँकर पाहा.

हा गृहपाठ मी दरवर्षी देते. इथल्या रासायनिक कारखान्यांकडे जाणाऱ्या टँकरवर आणि उरणच्या बंदराकडे निघालेल्या कंटेनरवर टोकावर उभं असलेलं रंगीत चिन्ह असतं. पेट्रोलसारख्या ज्वालाग्राही द्रवाचं लाल, वर ज्योत, खालच्या कोपऱ्यात ३ हा आकडा. बोलताना सगळे त्याला डायमंडच म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालवाहतुकीच्या नियमांत मात्र शब्द जपून वापरले आहेत: ४५ अंशांत बसवलेला चौरस, आणि मग कंसात डायमंडसारखा. पेटीवरच्या लेबलाची बाजू निदान १०० मिलिमीटर, कंटेनरवरच्या फलकाची निदान २५० मिलिमीटर.

नियम लिहिणाऱ्यांनी नुसतं डायमंड का लिहिलं नाही? कारण त्या शब्दावरून छापखान्याला कोन कळत नाही. कोणी ६० अंशांचा निमुळता छापेल, कोणी पत्त्यातल्यासारखा. चौरस म्हटलं की कोन ठरला, ४५ अंश म्हटलं की ठेवण ठरली. या एका वाक्यात गुण वेगळा आणि ठेवण वेगळी सांगितली आहे. व्याख्या कशी लिहावी याचा इतका चोख नमुना मला गणिताच्या पुस्तकांतही क्वचितच सापडतो.

४. शंकरपाळीच्या आकारात एक सिद्धांत दडलेला आहे.

दिवाळीच्या सुट्टीआधी मी हा प्रश्न घालते. पोळी लाटून कातण्याने सारख्या अंतरावर समांतर रेघा मारल्या. मग तिरक्या दिशेने पुन्हा समांतर रेघा मारल्या. शंकरपाळी समभुज होईल का?

मुलं तिरकेपणाकडे पाहत बसतात. कोन ४५ हवा की ६०, यावर वाद होतो. उत्तर कोनात नाहीच. दोन्ही वेळा रेघांमधलं अंतर सारखं ठेवलं तर कोन कुठलाही असू दे, शंकरपाळी समभुजच होते. कारण सरळ आहे. प्रत्येक तुकडा समांतरभुज चौकोन आहे, आणि त्याचं क्षेत्रफळ पाया गुणिले उंची. पाया म्हणून कुठलीही बाजू धरा, उंची म्हणजे रेघांमधलं अंतर, आणि ते दोन्हीकडे एकच. मग क्षेत्रफळ एकच असल्यामुळे दोन्ही बाजू समान व्हायलाच हव्यात. अंतरं वेगळी पडली की शंकरपाळी लांबोडकी समांतरभुज होते. चवीत फरक पडत नाही, पण डब्यात रचताना कळतं.

मराठीत या आकाराला शंकरपाळ्याचा आकार म्हणतात, आणि मला ते नाव डायमंडपेक्षा उजवं वाटतं. ताटात शंकरपाळ्या कशाही पडतात, उभ्या, आडव्या, एकमेकींवर. कुठली टोकावर उभी आहे हे कोणी पाहत नाही. म्हणजे हे नाव ठेवणीवर अवलंबून नाही. जपान्यांनी या आकाराला शिंगाड्याच्या जातीच्या पाणफळाचं नाव दिलं, ‘हिशी’. मित्सुबिशी या नावातली ‘बिशी’ तीच, आणि तिच्या चिन्हात तीन समभुज चौकोन आहेत. इंग्रजीत त्याच चिन्हाची ओळख तीन हिरे अशी करून देतात. कोणाला फळ दिसलं, कोणाला फराळ, कोणाला दागिना.

५. पुस्तकातला पतंग आणि गच्चीवरचा पतंग एक नव्हेत.

संक्रांतीला मुलं जो पतंग उडवतात तो बहुधा चौरस किंवा जवळजवळ चौरस कागदाचा, टोकावर उभा केलेला. म्हणजे तो डायमंड. पुस्तकातल्या पतंगाच्या वरच्या दोन बाजू आखूड आणि खालच्या दोन लांब असतात, म्हणून मुलं म्हणतात, ‘मॅडम, हा असा कुठे असतो?’ त्यांचं बरोबर आहे, तो चित्रांतल्या परदेशी पतंगाचा आकार. पुस्तकाची अट एवढीच की एका कर्णाने दुसऱ्या कर्णाला काटकोनात दुभागावं. ही अट समभुज चौकोनही पाळतो. तेव्हा गच्चीवरचा पतंग पुस्तकातल्या पतंगातही बसतो. पुढे जाऊ.

६. चार बाजू कळल्या म्हणून चौकोन कळत नाही. हे आपल्याला भास्कराचार्यांनी सांगून ठेवलं आहे.

या मुद्द्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथे आपल्या मातीतला माणूस आहे. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ ११५० मध्ये लिहिली. चाळीसगावजवळ पाटण्याला एक शिलालेख आहे, १२०७ चा. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन व्हावं म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. पाटणादेवीला सहलीला जाणारी मंडळी देऊळ आणि धबधबा पाहून परत येतात. गणिताच्या दृष्टीने तो महाराष्ट्रातला मोठा मानाचा पत्ता आहे.

लीलावतीत चौकोनाविषयी भास्कराचार्य चक्क चिडतात. नुसत्या चार बाजू सांगून, एकही कर्ण किंवा लंब न सांगता, जो चौकोनाचं निश्चित क्षेत्रफळ विचारतो तो पिशाच, आणि जो सांगू पाहतो तो त्याहून मोठा, अशा अर्थाचं ते लिहितात. चार बाजूंचा चौकोन हलतो, तो एका जागी ठरत नाही, हे ज्याला कळलं नाही त्याच्यावर हा राग आहे. पुढे उदाहरण येतं समभुजाचंच. बाजू २५. एक कर्ण ३० घेतला तर दुसरा ४० येतो आणि क्षेत्रफळ ६००. एक कर्ण १४ घेतला तर दुसरा ४८ आणि क्षेत्रफळ ३३६. दोन्ही कर्ण समान घेतले तर तो चौरस, क्षेत्रफळ ६२५. बाजू तीच, आकृती मात्र वाटेल तितक्या.

हे फळ्यावर सांगण्यापेक्षा दाखवावं. जुन्या इमारतींत जिन्याच्या तोंडाशी लोखंडी पट्ट्यांचं, ओढून बंद करायचं जाळीचं दार असतं. दार गोळा केलेलं असताना पट्ट्यांमधले समभुज चौकोन उंच आणि बारीक असतात. ओढत नेलं की रुंदावतात. पट्ट्यांची लांबी तसूभरही बदलत नाही. दार सरकवणं म्हणजे एक कर्ण वाढवून दुसरा कमी करणं. दोन्ही कर्णांच्या वर्गांची बेरीज मात्र कायम, बाजूच्या वर्गाच्या चौपट. ३० आणि ४० चे वर्ग मिळवा, २५०० येतात. १४ आणि ४८ चे मिळवा, पुन्हा २५००.

मोटारीचा कैचीसारखा उघडणारा जॅक हाच समभुज चौकोन. भास्कराचार्यांचेच आकडे सेंटिमीटरमध्ये धरू. आडवा कर्ण ४८ वरून ४० झाला, म्हणजे ८ ने आखडला, तर गाडी १४ वरून ३० वर जाते, १६ ने. पुढे आडवा ४० चा ३० केला तर उभा ३० चा ४०, दहाला दहा. शेवटी आडवा ३० चा १४ केला, १६ ने आखडवला, तर उभा फक्त ८ ने चढतो. म्हणून जॅक अगदी दबलेला असताना हँडल फिरवायला सर्वांत जड जातं: थोड्या फिरवण्यात गाडी जास्त उचलावी लागते. मी हे पामबीच रस्त्याच्या कडेला, पंक्चर झालेल्या चाकाशेजारी उभं राहून एका माजी विद्यार्थ्याला समजावलं आहे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, “मॅडम, आधी स्टेपनी काढू का?”

७. रांगोळीवालीचे ‘११ ते १’ दोन प्रकारचे असतात.

ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बायकांना या आकाराची भूमिती हाताने येते. मधली ओळ ११ ठिपक्यांची. त्यानंतरच्या ओळीतले ठिपके आधीच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध ठेवले तर ओळी ११, १०, ९ अशा वर-खाली एकपर्यंत उतरतात. ठिपक्यांखाली सरळ ठिपका ठेवला आणि दोन्ही टोकांचा एकेक गाळला तर ओळी ११, ९, ७ अशा उतरतात. कागदावर लिहिताना दोन्हींना ११ ते १ च म्हणायचं, दोन्ही आकृत्या टोकावर उभ्या. पहिलीत १२१ ठिपके, दुसरीत ६१. ठिपके सर्व बाजूंनी सारख्या अंतरावर पडले तर पहिली ६० आणि १२० अंशांचा समभुज चौकोन होते. दुसरी नुसता उभा केलेला चौरस. डायमंड हा शब्द दोन्हींना चालतो, म्हणूनच तो इथे निरुपयोगी. ‘मधले ठिपके की सरळ ठिपके’ हा प्रश्न विचारणारी बाई गणिती भाषा बोलत असते.

८. खरा हिरा डायमंडसारखा नसतो.

महापेच्या औद्योगिक पट्ट्यात ज्वेलरी पार्कचा प्रकल्प आला तेव्हापासून मुलांचा हा प्रश्न वाढला आहे: मग हिऱ्याचा आणि या आकाराचा संबंध काय? अंगठीतला हिरा वरून बहुधा गोल दिसतो, बाजूने पाहिला तर वर सपाट आणि खाली निमुळता. त्या बाह्यरेषेत समभुज चौकोन शोधून सापडत नाही. संबंध आहे तो न कापलेल्या स्फटिकाशी. खाणीतून निघालेला सुबक हिरा अष्टफलकी असतो, दोन पिरॅमिड बुडाला बूड लावून जोडल्यासारखा. वरच्या टोकाच्या नेमक्या वरून पाहिलं तर त्याची बाह्यरेषा चौरस, आणि एका ठरावीक बाजूने पाहिलं तर समभुज चौकोन, ज्याचा लांब कर्ण आखूड कर्णाच्या २ च्या वर्गमूळाइतका, म्हणजे १.४१ पट. शब्दाची खाण तिथे आहे. त्यामुळे चौरस आणि समभुज, दोघांनाही डायमंड म्हणण्याची सवय निसर्गानेच लावली, असं म्हणायला हरकत नाही.

पत्त्यांत तर आणखी गंमत. इस्पिक, बदाम, किलवर आणि चौकट. बऱ्याच कॅटांमध्ये चौकटच्या खुणेच्या बाजू किंचित आत वळलेल्या असतात, म्हणजे ती भूमितीच्या हिशेबाने चौकोनच नव्हे. वर आपण तिला चौकट म्हणतो, जो शब्द एरवी दारा-खिडकीला लागतो आणि जिचे चारही कोन काटकोन असावेत अशी अपेक्षा असते. चौकटच्या राणीला एवढ्या विसंगतीचा काही त्रास होत नाही.

९. चौरस हा समभुज चौकोन आहे की नाही, याचं उत्तर विचारणाऱ्याचं शतक पाहून द्यावं.

युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास व्याख्या केली तेव्हा चौरसाला बाहेर ठेवलं: चार बाजू समान, पण कोन काटकोन नाहीत, तो रॉम्बस. आजच्या पाठ्यपुस्तकात चौरस आत आहे. आजचीच व्याख्या सोयीची, कारण समभुजाबद्दल जे सिद्ध केलं ते चौरसाला फुकट मिळतं: कर्ण एकमेकांना काटकोनात दुभागतात, क्षेत्रफळ कर्णांच्या गुणाकाराच्या निम्मं. भास्कराचार्यांनीही एकाच उदाहरणात ६००, ३३६ आणि ६२५ शेजारी शेजारी बसवले. समान कर्णाचा समभुज त्यांना वेगळ्या जातीचा वाटला नाही.

परीक्षेत ‘डायमंड’ लिहिणाऱ्या मुलाला मी गुण देत नाही. ‘शंकरपाळ्याचा आकार’ लिहिणाऱ्यालाही देत नाही, पण त्याच्या उत्तराखाली हसरा चेहरा काढते. पक्षपात आहे, मान्य.

१०. समभुज आकृती चौरसही आहे का, हे बाजूंवरून ओळखता येत नाही. कर्ण मोजा.

सुतार खिडकीची चौकट उभी करतो तेव्हा कोपऱ्यात गुण्या लावून पाहतो, पण त्यावर विसंबत नाही. टेप घेऊन दोन्ही कर्ण मोजतो. १२० सेंटिमीटर बाजूची चौरस चौकट असेल तर दोन्ही कर्ण १६९.७ यायला हवेत. समजा एक १७१ आला आणि दुसरा १६८.४. चारही बाजू अजून बरोबर १२० च आहेत, टेप बाजूंवर कितीही फिरवला तरी चूक दिसणार नाही. चौकट अजून समभुज आहे, पण चौरस राहिलेली नाही. क्षेत्रफळ १४,४०० चौरस सेंटिमीटरवरून जेमतेम दोनाने उतरलं आहे, कोन एका अंशानेही ढळलेला नाही, पण वरचं टोक जवळजवळ दोन सेंटिमीटर बाजूला गेलं आहे आणि त्यात काटकोनी झडप बसणार नाही. अशा वेळी लांब कर्णाच्या टोकाला लाकडाचा ठोकळा धरून हातोडीने हलके ठोके द्यायचे आणि दर दोन-चार ठोक्यांनी दोन्ही कर्ण पुन्हा मोजायचे. ते सारखे आले की मगच चौकट भिंतीत पक्की करायची.